हातातून न सुटणारं मशीन

...नाही, तुम्हीच मला सांगा, बंद करायचं बटण कुठे असावं? अंगठ्याखाली असावं, बरोबर? पंख्याचं बघा, मिक्सरचं बघा, हात नेला की लागतं! आणि या मशीनचं, तुम्हाला सांगतो, चालू करायचं बटण तेच, बंद करायचं तेच, मोड बदलायचं तेच, आणि तेही डबीच्या पार त्या टोकाला, जिथे धरलेल्या हाताचा अंगठा या जन्मात पोहोचत नाही! मग दुसरा हात न्यावा. न्यावा ना! पण दुसरा हात हा बघा, प्लास्टरात आहे. तेव्हा नव्हता. तेव्हा तो विजयाबाईंच्या काठीखाली होता. सांगतो, सगळं सांगतो, पण त्याआधी एक ऐकून ठेवा... ज्यानं हे मशीन बनवलं ना, तो मला फक्त एकदा भेटू दे!

मी भालचंद्र. ग्वाल्हेरला माधवगंजात माझं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावायची, हाच धंदा. रविवारी मात्र मी माणूस असतो. कोणी पत्ते खेळतं, कोणी मासे पकडतं, मी मेटल डिटेक्टर घेऊन सांक नदीच्या कोरड्या पात्रात फिरतो. विमानतळावरचा नाही हो, शौकाचा! लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर स्क्रीनची डबी, मागे कोपराला बांधायचा पट्टा. जमिनीवरून फिरवत जायचं, खाली धातू असला की कुंईऽऽ करतं. नदीत मला घोड्याचे नाल मिळालेत, बैलगाडीची कडी मिळालीय, एकदा तर अख्खी पितळी घंटा मिळाली, तिच्यामागून देवळाचे पुजारीबुवाही मिळाले, पण तो किस्सा वेगळा. किल्ल्याकडे मी फिरकत नाही, तिथे हे असलं मशीन घेऊन गेलात तर सरळ आत टाकतात, आणि बरोबरच करतात.

आता शौक म्हटला की तक्रार आलीच, पण किती? दांड्याचे तुकडे जोडायला स्प्रिंगच्या गुंड्या दिल्यात, त्या दाबताना बोटाची कातडी आत आणि गुंडी बाहेर. खालची चकती धरायला प्लास्टिकचा नट, तो आवळला की गच्च वाटतो आणि चार पावलं चाललं की चकती मान टाकते, दारू प्यायलेल्या माणसासारखी. स्क्रीनवर करड्या रंगावर करडे आकडे! करड्यावर करडे! अहो, मी चष्मेवाला आहे, मला उन्हात ते दिसत नाहीत, तर ज्याला नंबर आहे त्यानं काय करावं? आणि आवाज कमी करायची सोय नाही. हेडफोन लावा म्हणे. हेडफोनचं भोक असं आहे की जगातली कुठलीच पिन त्यात जात नाही!

असो. तर मंजिरी. माझ्या बहिणीची, सीमंतिनीची, एकुलती एक मुलगी. तिनं पसंत केला समरजीत, शिंदे की छावनीतला. मराठा घर, पूर्वज फौजेत. आमचे पूर्वज दरबारात खलिते लिहीत बसलेले. मंजिरीचे वडील गोपाळकृष्ण, म्हणजे माझे भाऊजी, संस्कृतचे प्राध्यापक, रस्त्यात मुंग्यांची रांग दिसली तर स्वतः वाट बदलणारा माणूस. त्यांनी या लग्नाला किती दिवस नाही म्हटलं! तिकडून समरजीतची आजी विजयाबाई, तिनंही नाही म्हटलं. मुलांनी दोघांनाही थकवलं. शेवटी सिटी सेंटरच्या पलीकडे एक मॅरेज गार्डन घेऊन साखरपुडा ठरला. सगळे गोड बोलून राहिले होते, पण कसं? काचेची बरणी धरून जिना उतरल्यासारखं.

आणि साखरपुडा उत्तम झाला हो! विजयाबाईंनी स्वतःच्या बोटातली, त्यांच्या सासूकडून आलेली माणकाची अंगठी काढून मंजिरीला घातली. म्हातारीचे डोळे भरले. सीमंतिनीचे भरले. माझेसुद्धा. फक्त अंगठी सैल होती. तेवढ्यात तो फोटोवाला, त्याचा तो उडता ड्रोन, आणि त्याची ती शिकवण... "मॅम, दोनों हाथ ऊपर! और ऊपर! हवा में झटको, एकदम खुश!" मंजिरीनं खुश होऊन हात झटकले, आणि अंगठी गेली! सगळ्यांनी जाताना बघितली, पडताना कोणीच नाही.

मग काय, दोन्ही घरं गवतात. शेरवान्या, नऊवाऱ्या, सगळे ओणवे. भाऊजी घामाघूम, कारण अंगठी मुलाकडच्यांची, हरवली आमच्या मुलीकडून! विजयाबाई खुर्चीवर ताठ बसून, रिकाम्या बोटावर अंगठा फिरवत. तेच जास्त वाईट. मंजिरी रडायच्या बेताला आलेली. समरजीत तिला म्हणतोय, "मिल जाएगी यार, इथेच आहे कुठेतरी." त्याच्या काकांनी मात्र सुरू केलं, "पहिल्याच दिवशी घराण्याची वस्तू गेली, शकुन काही ठीक नाही..."

आणि त्या क्षणी, तुम्हाला सांगतो, मला वाटलं, भालचंद्रा, देवानं तुला हे मशीन याच दिवसासाठी दिलं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "कोणी हलू नका! माझ्याकडे मशीन आहे!"

सीमंतिनी म्हणाली, "दादा, नको."

बहिणीचं ऐकावं हो. पण कोण ऐकतं? स्कूटर काढली, माधवगंज, मशीन, परत. गार्डनमध्ये शिरलो तर टाळ्या पडल्या! मला आयुष्यात टाळ्या पडल्या नव्हत्या. ऐटीत पट्टा बांधला, शेरवानीच्या बाहीवरून. इथे लक्ष द्या! पट्टा आहे चिकटपट्टीचा, तो कुसळासारखा काटेरी प्रकार, आणि बाहीवर होती जर. दोघांची जी गाठ पडली, ती मला नंतर कळली.

मशीन सुरू केलं. आता शोधायचं काय, पातळ सोन्याची अंगठी. मशीनमध्ये 'कचरा वगळा' असा एक मोड आहे. छान वाटतं ना ऐकायला? लावला की पुड्यांची चमकणारी पन्नी, ढक्कनं, सगळं गप्प. पण ज्या शहाण्यानं बनवलंय, त्याच्या मशीनला पातळ सोनं आणि गुटख्याच्या पुडीची पन्नी एकसारखीच वाटते! पन्नी वगळली की सोनंही वगळलं. म्हणजे मोड लावायचाच नाही, प्रत्येक टुंईला बसायचं, खणायचं, पुडी काढायची. आणि ग्वाल्हेरच्या मॅरेज गार्डनचं गवत! तुम्हाला काय वाटतं, त्याखाली माती असते? त्याखाली गुटखा असतो! शामियान्याच्या खिळ्यांवर खर्रर्र, बाटलीच्या ढक्कनावर पींऽ, पुडीवर कुंईऽऽ, आणि मधूनच एक खणखणीत टणणण... काडतूस! रिकामं, पितळी. मागच्या वरातींचं.

हे काडतूस निघालं की समरजीतचे ते काका पुढे यायचे, दौलतसिंह. निवृत्त फौजी, मिशा अशा, खांद्याला लायसन्सची रायफल. आमच्याकडे कार्याला काही लोक अत्तर लावून येतात, काही लोक रायफल. दौलतसिंह काडतूस हातात घेऊन उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "हं. बारा बोर. हे माझं नव्हे." जसं काही मी त्यांनाच विचारलं होतं!

आणि लोकं! मी बसलो की सगळे वाकून बघणार, बायकांच्या हातात तोडे, पाटल्या, कमरेला छल्ला, मशीन बिथरून किंचाळायला लागायचं. "मिली क्या? मिली क्या?" अरे, तुमच्याच बांगड्या मिळतायत, मागे सरा! तिकडून गार्डनचा मॅनेजर धावत आला, "भाईसाब, ये लॉन है, खेत नहीं! आलू बो रहे हो क्या?" मी त्याला सांगतोय, भैया, भर देंगे, तर तो माझी खुरपी ओढतोय, मी खुरपी ओढतोय... पहिली ढकलाढकली तिथेच झाली, खरं म्हणजे. त्याला मी हलकेच कोपर मारलं. त्यानं मला हलकेच लाथ मारली. पण ती गणतीत धरू नका.

एकीकडे चकती मान टाकत होती. आवळली, पडली. आवळली, पडली. ज्यानं हे मशीन बनवलं ना, तो मला फक्त एकदा भेटू दे, त्याची मान मी त्याच नटानं आवळीन!

असा सरकत सरकत मी गेलो विजयाबाईंच्या खुर्चीजवळ. आणि तिथे चकतीनं मान टाकली, ती सरळ आजीबाईंच्या साडीकडे. आणि मशीन जे किंचाळलं! कुंईऽऽऽऽ! असं आधी कधीच किंचाळलं नव्हतं. स्क्रीनवर बघावं तर करड्यावर करडं, वर ऊन. मी म्हटलं, हीच! उडून साडीच्या निऱ्यांत पडली असणार, साधी गोष्ट! मी आनंदानं ओरडलो, "मिळाली! इथेच आहे! आईसाहेब, जरा पाय बाजूला घ्या!"

आईसाहेबांनी पाय उजवीकडे घेतला. आवाज उजवीकडे गेला. डावीकडे घेतला. आवाज डावीकडे गेला.

सगळं गार्डन आमच्याकडे वळलं.

मला अजून कळत नव्हतं हो! मी गुडघ्यावर बसून म्हणतोय, "बघा, बघा, आईसाहेबांच्याजवळच आहे, त्यांनी फक्त जरा निऱ्या झटकाव्या..." आणि मग माझ्या कानावर माझंच वाक्य पडलं. दोन्हीकडच्या सगळ्या पाहुण्यांसमोर मी नवऱ्या मुलाच्या आजीला चोर म्हणत होतो. तिचीच अंगठी चोरल्याचा आळ तिच्यावरच!

काठी आली. कुठून आली दिसली नाही, फक्त लागली. या मनगटावर. "गुडघा आहे मेल्या, गुडघा!" विजयाबाई किंचाळल्या, मशीनपेक्षा जोरात. "धातूचा गुडघा आहे! दिल्लीत बसवलाय!"

आता समरजीतकडचेच डोळे फाडून बघायला लागले. कारण हे त्यांच्या घरातसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं की दिल्लीला भाचीकडे राहून तेलमालिश केलं, गुडघे आपोआप सुधारले. गावभर त्या तेलाची कीर्ती होती! अर्ध्या छावनीनं ते तेल मागवलं होतं! आणि मी ते झाकण सगळ्यांदेखत काढलं. मग दुसरी काठी आली, तिसरी आली...

मी बंद करायला गेलो. अंगठा पोहोचेना. दुसरा हात काठी अडवतोय. बटण लागलं एकदाचं, पण ते दाबून धरावं लागतं, धरायला वेळ कोण देतंय! नुसतं टिचकलं की मोड बदलतो, दुसराच आवाज. कुंईऽऽचं झालं ट्यांवऽऽ. लोकांना वाटलं, हा म्हातारीला चिडवतोय! दौलतसिंहांनी माझी गचांडी धरली, "आमच्या आईसाहेबांवर मशीन लावतोस?" आणि हात उगारला.

आता ऐका. तो हात खाली येण्याआधी एक सणसणीत थप्पड बसली. दौलतसिंहांना! कोणी मारली असेल? गोपाळकृष्ण भाऊजींनी! मुंग्यांना वाट देणारा माणूस! किती महिने ते गोड बोलून राहिले होते, सगळं त्या पंजात साठलं होतं. दौलतसिंहांची पगडी गेली, मिशी एका बाजूला झाली. ते क्षणभर भाऊजींकडे कौतुकानं बघत राहिले, फौजी माणसाला चांगली थप्पड कळते, आणि मग त्यांनी भाऊजींना उचललं. उचललं हो! आणि पाकातल्या इमरतीच्या परातीत बसवलं.

मग मात्र सुटलं सगळं. खुर्च्या उडाल्या. आमच्याकडचे, ज्यांनी आयुष्यात वीजबिलावर भांडण केलं नाही, ते पाहुण्यांच्या गळ्यातले हार पिळून राहिले होते. हलवाई झारा घेऊन आला, मला वाटलं सोडवायला आला, त्यानं दोन्हीकडे सारखंच वाटप केलं. त्यांच्याकडच्या एका बाईनं आमच्या सीमंतिनीचा अंबाडा धरला, सीमंतिनीनं गुलाबपाण्याचं भांडं तिच्या टाळूवर उलटं केलं, आणि वर आवाज पण बघा कसा... "ताई, लागलं का हो?" आणि मॅनेजर! त्याचा तर या भांडणाशी संबंध नव्हता, तो मागून येऊन माझ्या पाठीत गुद्दे घालत होता, "मेरा लॉन! मेरा लॉन!"

आणि मी काय करत होतो? मी मशीन काढत होतो! पट्टा निघेना! जर आणि चिकटपट्टी एकजीव झालेली, हात ओढावा तर मशीन बरोबर. इकडे वळलो, दांडा एकाच्या कानशिलात. माफी मागायला तिकडे वळलो, दुसऱ्याच्या पोटात. मी मारत नव्हतो हो! तुमची शपथ, मशीन मारत होतं! आणि वर ज्याला लागेल त्याचा धातू जाहीर करत होतं. कंबरपट्टा, कुंईऽऽ! कडं, टणणण! एकाच्या जबड्याजवळून गेलं, ट्यांवऽऽ, त्याच्या दाढेला चांदी होती! समरजीत बिचारा मला सोडवायला आला, "मामाजी, रुकिए, मी काढतो," म्हणून वाकला आणि चकती बरोबर नाकावर. रक्त! ज्यानं हे मशीन बनवलं ना, तो मला फक्त एकदा भेटू दे, मी त्याला हे मशीन बांधीन आणि माझ्या भाचीच्या सासरी सोडून देईन!

...ठांय!

दौलतसिंहांनी रायफल झाडली होती. आकाशात. सगळे होते तसे थांबले. ते गरजले, "हा वरातीतला हर्षफायर नव्हे! तो बंद आहे, मला ठाऊक आहे! हा शांतिफायर आहे!" आणि शांतता झालीसुद्धा, तिच्यात वरून काहीतरी घरघरल्याचा आवाज आला, आणि फोटोवाल्याचा ड्रोन रबडीच्या कढईत पडला. लोकांनी दचकून एकदम मागे रेटा दिला, त्या रेट्यात मी पालथा. दोन हात टेकायचे तर एकाला मशीन बांधलेलं, दुसऱ्यावर मीच पडलो, कडाक् म्हणून आवाज झाला. हेच ते प्लास्टर. आणि तोंड गवतात. तोंडात माती, पुडीचा तुकडा, आणि पुढचा दात हलून काहीतरी टणक आत आलेलं. मी म्हटलं, गेला दात. थुंकलो.

माणिक चमकलं.

खरंच! मी त्याच जागेवरून मशीन फिरवून गेलो होतो. कुंईऽऽ केलं होतं त्यानं, पण तिथेच आधी पुड्यांवर पुड्या निघाल्या होत्या, मी म्हटलं ही पण पुडीच. आणि आता अंगठीवर चकती धरली तर मशीन काय म्हणालं? काही नाही! मारामारीत टिचकून टिचकून मोड 'कचरा वगळा' झाला होता. घराण्याची अंगठी समोर, आणि मशीन ढिम्म!

मंजिरीनं ती उचलली. मातीनं, माझ्या रक्तानं माखलेली. ती सगळ्यांकडे बघत राहिली. वडील परातीत, आई केस सोडून, नवरा नाक धरून. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही अंगठी परत देते आणि सगळं मोडतं. ती समरजीतजवळ गेली. ओढणीनं त्याचं नाक पुसलं आणि हळूच म्हणाली, "अजून करायचंय लग्न? सच बता."

तो नाकातून म्हणाला, "यार, इतना पिटा हूँ, आता तर करणारच."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही. विजयाबाई काठी टेकत आल्या. अंगठी पाण्यात धुतली, स्वतःच्या पदराचा दोरा काढून तिला गुंडाळला, घट्ट केली आणि पुन्हा मंजिरीच्या बोटात घातली. मग भाऊजींना म्हणाल्या, "प्रोफेसरसाहेब, थप्पड चांगली मारता." भाऊजी पाकात बसल्याबसल्या लाजले. दौलतसिंहांनी हात देऊन त्यांना उठवलं आणि दोघं गळ्यात गळे घालून रडले. फुगलेल्या ओठांनी सगळे जेवले, रबडी सोडून. पोलीस आले, रायफल घेऊन गेले, जाताना त्यांनीही दोन बेड्या खाल्ल्या... हातातल्या नव्हे हो, उडदाच्या, तळलेल्या पुऱ्या. दोन्हीकडचे फुटलेले चष्मे माझ्या दुकानात आलेत, काचांच्या पैशांचं काही बोलू नको असं सीमंतिनीनं आधीच बजावलंय. मला मात्र पट्ट्यातून सोडवायला हॉस्पिटलात बाही कापावी लागली. ज्यानं हे मशीन बनवलं ना, तो मला फक्त एकदा... जाऊ दे.

परवा सीमंतिनीचा फोन आला. मी म्हटलं, "लग्नात मुलीच्या मागे मामा उभा लागतो, तेवढ्यापुरतं प्लास्टर लाल शालीत झाकतो." पलीकडे आधी दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दादा, मामा म्हणून दौलतसिंह उभे राहतायत. त्यांनीच मागून घेतलं. मंजिरीचे बाबा तर लगेच हो म्हणाले."

मी म्हटलं, "आणि मी?"

"तू ये ना! जरूर ये. फक्त अगदी शेवटच्या ओळीत बस."

"का? त्यांच्याकडच्यांना अजून राग आहे?"

"त्यांच्याकडच्यांना नाही रे, आपल्याकडच्यांना. पुढे बसलास आणि कोणाचा हात उठला, तर व्हिडिओत येईल."

तर शेवटच्या ओळीत असेन. या तुम्ही. आलात तर माझ्या शेजारी बसू नका.